जखमेची आणेवारी

आमच्या आजोबांच्या तोंडी ‘आणेवारी’ हा शब्द वरचेवर येत असे. खानापूर तालुक्यातील आमच्या मूळ गावी भाताची शेती होती, आणि जुन्या मुंबई इलाख्याच्या अमदानीत पीक हाताशी येण्याच्या सुमारास महसूल खात्याचा अंमलदार गावात येऊन यंदा पीक किती, याचा अंदाज बांधीत असे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. मग बारा, आठ, सहा अशी उतरती भाजणी. आणेवारी ठरावीक मर्यादेखाली गेली म्हणजे साऱ्यात सूट किंवा तहकुबी मिळे. एका वर्षी ओढ्याला लोंढा आला आणि ओढ्याकाठचे आमचे शेत गाळाखाली गेले. गावाची आणेवारी मात्र दहा आणे ठरली. सूट मिळाली नाही. पुढे कित्येक वर्षांनी ही हकीकत सांगताना आजोबांच्या बोलण्यात अंमलदाराविषयी राग नसे. ते म्हणत, “तो काही खोटे लिहून गेला नाही. गावाचे पीक दहा आणेच होते. आमचे नव्हते, एवढेच.”

वकिलीच्या धंद्यात पडल्यावर हे वाक्य आम्हांला अनेकदा आठवले. पण त्याचा पुरता अर्थ उमगण्यास एका अपघाताचे दोन कागद समोर यावे लागले.

आमची भाची शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. गेल्या दिवाळीत ती चार दिवस बेळगावी आमच्याकडे राहावयास आली, ती लॅपटॉप बरोबर घेऊनच. एका बाजूला फराळाची ताटली आणि दुसऱ्या बाजूला आकड्यांचे तक्ते, असा तिचा थाट पाहून आम्ही विचारले, “सणासुदीला हा कसला अभ्यास मांडला आहेस?” ती म्हणाली, “मामा, अपघातात सापडलेल्या माणसाची दुखापत किती गंभीर होती, हे रुग्णालयाच्या कागदावरील निदानाच्या संकेतांकांवरून ठरवता येते का, ते पाहते आहे.”

‘गंभीर’ हा शब्द ऐकताच आमच्यातील वकील जागा झाला. दुखापत गंभीर की साधी, हा प्रश्न फौजदारी कोर्टाच्या जोत्याशीच पडलेला असतो. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेच्या ३२० व्या कलमाने जबर दुखापतीचे आठ प्रकार सांगितले होते. डोळा जाणे, कान जाणे, एखादा अवयव किंवा सांधा जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे हे तर त्यात आहेतच; पण हाड किंवा दात मोडणे हेही आहे. शेवटचा प्रकार असा, की जी दुखापत जिवाला धोका निर्माण करते, किंवा जिच्यामुळे माणसाला वीस दिवस तीव्र वेदना होतात वा आपला नित्याचा व्यवसाय करता येत नाही, ती दुखापत जबर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या ११६ व्या कलमात हे आठही प्रकार कायम राहिले, फक्त विसाचे पंधरा दिवस झाले. म्हणजे सतरा दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दुखापत ३० जूनला या कसोटीवर साधी ठरली असती, ती दुसऱ्या दिवशी जबर ठरू लागली. जखम तीच, गज बदलला. म्हणून जखम मोजण्याची शास्त्रीय रीत कोणती, हे ऐकण्याची आम्हांला उत्सुकता वाटली.

भाचीने प्रथम संकेतांकांची गोष्ट सांगितली. रोगांची व दुखापतींची जी आंतरराष्ट्रीय यादी आज जगभर चालते, तिचे मूळ मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी ती १८९३ साली शिकागो येथील परिषदेत मांडली. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्याकडे घेतली आणि तेव्हापासून तीत केवळ मरणाचीच नव्हे, तर आजारांची व दुखापतींचीही नोंद होऊ लागली. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मान्य झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी रुग्णालयांच्या दप्तरांत दहावीचा वावर अजून पुष्कळ आहे. या दहाव्या आवृत्तीत शरीराच्या एकेका भागाच्या दुखापती ‘एस’ या अक्षराखाली डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत ओळीने मांडल्या आहेत. ‘एस ०६’ म्हणजे कवटीच्या आतील दुखापत, ‘एस २२’ म्हणजे बरगडी, उरोस्थी किंवा पाठीच्या कण्याचा छातीमागील भाग यांचे मोडणे, ‘एस ७२’ म्हणजे मांडीच्या हाडाचे मोडणे. आमच्या देवपूजेत अंगन्यास करताना जसा एकेका अवयवाला हात लावीत जावे, तशीच ही यादी चालते.

“पण यात एक अडचण आहे,” भाची म्हणाली. “ही यादी काय झाले ते सांगते, किती झाले ते सांगत नाही. ‘एस ३६.०’ म्हणजे प्लीहेची दुखापत. प्लीहेला नुसता ओरखडा गेला तरी ‘एस ३६.०’, आणि ती फुटून पोट रक्ताने भरले तरी ‘एस ३६.०’च. अमेरिकेने आपल्या वापरासाठी या संकेतांकांचे आणखी बारीक पोटभाग पाडले आहेत. मूळ यादीत ते नाहीत.”

आम्ही विचारले, “मग ‘किती’ कळण्याची एवढी निकड का? वैद्याने इलाज करावा म्हणजे झाले.”

तिने उत्तर दिले ते आम्हांला पटले. समजा, एका रुग्णालयात अपघाताच्या शंभर रुग्णांपैकी आठ दगावले आणि दुसऱ्यात चार. दुसरे रुग्णालय चांगले म्हणावे का? पहिल्याकडे चहूकडून अत्यवस्थ माणसे धाडली जात असतील आणि दुसऱ्याकडे हातपाय खरचटलेली येत असतील, तर हा निवाडा अन्यायाचा होईल. आपल्या देशात केवळ २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे केंद्र सरकारच्या अहवालात नमूद आहे. यांतील कोणाचा जीव वाचू शकला असता, कोठे उपचार कमी पडले, रुग्णवाहिका लवकर आल्याने काही फरक पडला का, हे जाणावयाचे तर आधी दुखापतींची तोलामोलाने तुलना करता आली पाहिजे. एकेका रुग्णाची साद्यंत कहाणी वाचीत बसणे अशक्य. संकेतांक मात्र प्रत्येक दप्तरात पडलेले असतात. त्यांवरून आकडा काढता आला तर लाखो माणसांचा अभ्यास होतो.

आकडा काढण्याची रीतही तिने समजावली. मोटार अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी अमेरिकेत १९७१ साली एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक दुखापतीला १ ते ६ अंक आहेत. १ म्हणजे किरकोळ, ५ म्हणजे जीव जाईल की राहील अशी, आणि ६ म्हणजे जिच्यावर सहसा उपाय चालत नाही अशी. पण एकाच माणसाला चार ठिकाणी लागले तर बेरीज कशी करावी? दोन आणि दोन मिळून चार होतात. पण दोन मध्यम जखमा मिळून एक प्राणघातक जखम होत नाही. १९७४ साली सुझन बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर शहरातील आठ रुग्णालयांतील २,१२८ अपघातग्रस्तांच्या नोंदी तपासून यावर तोडगा काढला. शरीराचे सहा भाग कल्पावे. ज्या तीन भागांना सर्वांत अधिक इजा झाली असेल, त्या प्रत्येकातील सर्वांत मोठा अंक घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि तिन्ही वर्गांची बेरीज करावी. जास्तीत जास्त आकडा पंचवीस त्रिक पंचाहत्तर; आणि कोठेही ६ अंक आला तर एकदम ७५ धरावे. १५ च्या वर आकडा गेला म्हणजे मोठा आघात समजण्याचा प्रघात आहे. गंमत अशी, की ७ आणि १५ हे आकडे या रीतीने कधी येऊच शकत नाहीत, कारण तीन वर्गांची बेरीज तेवढी होत नाही.

या रीतीतही खोट निघाली. दोन्ही मांड्यांची हाडे मोडली तर शरीराचा भाग एकच म्हणून एकाच मांडीचा वर्ग धरला जाई, ९. दुसरी मांडी जणू मोडलीच नाही. १९९७ साली ऑस्लर, बेकर व लाँग यांनी ती दुरुस्त केली. भाग कोणताही असो, सर्वांत वाईट तीन जखमा घ्याव्या, असे ठरले. आणि त्या माणसाचे ९ चे १८ झाले.

हे सारे ऐकताना आमच्या मनात कपाटातील दोन फायली घोळू लागल्या होत्या.

आमचे कुलदैवत गोव्यात अंत्रुज महालात आहे. काही वर्षांपूर्वी माघातील जत्रेसाठी आमच्या समाजातील दोघे चुलते-पुतणे बेळगावहून मोटारसायकलवर निघाले. चुलते पखवाजाचे नामांकित मास्तर. देवळातील कीर्तन-भजनाची साथ बावीस वर्षे त्यांच्याकडे होती. पुतण्या तिशीतला, मोटारसायकल तो चालवीत होता. चोर्ला घाटाच्या एका वळणावर समोरून येणाऱ्या मालवाहू टेंपोने त्यांना धडक दिली. पुतण्याची प्लीहा फुटली, डाव्या बाजूच्या चार बरगड्या मोडल्या. मास्तरांचा उजवा हात चाकाखाली सापडला. तर्जनी आणि मध्यमा ही दोन बोटे पुढे बेळगावात काढून टाकावी लागली. दोघांचेही दावे मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालवण्याचे काम आमच्याकडे आले.

दोघांची परवानगी घेऊन, नावे झाकून, आम्ही शस्त्रक्रियेचे कागद भाचीपुढे ठेवले. तिने बोटांवर हिशेब केला. पुतण्या: पोट ४, छाती ३, अंगावरील खरचटे १. वर्ग सोळा, नऊ आणि एक, बेरीज २६. मोठा आघात. मास्तर: हात २, खरचटे १. वर्ग चार आणि एक, बेरीज ५.

आम्ही गप्प बसलो. पुतण्याची प्लीहा काढली, बारा दिवस तो अतिदक्षता विभागात होता, घरच्यांनी नवस बोलले. पुढच्याच वर्षी माघात तो देवाच्या पालखीला खांदा देत होता. मास्तर त्या जत्रेत सभामंडपातील खांबाला टेकून बसले होते. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावावी, ती त्यांना डाव्या हाताने अजून लावता येई. उजव्या पुडीवरील शाईवर जी बोटे नाचत, ती नव्हती. इस्पितळातून आल्यानंतर ते एकदाच आमच्या कचेरीत आले होते. घरच्या कोंकणीत एवढेच म्हणाले, “वकीलबाब, जीव उरलो, पूण हात गेलो.”

भाचीवर रागवण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. कारण तिच्या आधी आम्हीच हा हिशेब करून चुकलो होतो. अपघातानंतर पुतण्याची फाईल आम्ही महिन्याभरात तयार केली, साक्षीदार नेमले, मोठी रक्कम मागितली. मास्तरांची फाईल ‘दोन बोटे’ असा मनाशी शेरा मारून आम्ही मागे ठेवली. ती सात महिने तशीच पडली होती. आमच्याकडे वर्ग नव्हते, बेरीज नव्हती. पण आमच्याही मनात एक आणेवारी होती, आणि तीत मास्तर चार आण्यांचे ठरले होते. ज्याचे पखवाज ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्याला आम्ही एवढ्या स्वस्तात तोलले, हे त्या दिवाळीच्या संध्याकाळी प्रथमच आम्हांला स्वच्छ दिसले.

भाची म्हणाली, “मामा, हा आकडा एकच प्रश्न विचारतो: हा माणूस जगेल का? तो कसा जगेल, हे त्याला कोणी विचारलेलेच नाही. आणि खरे तर एका माणसाविषयी तो काही सांगतच नाही. २६ आकड्याच्या हजार माणसांत सुमारे किती दगावतील, एवढेच त्यावरून अजमावता येते.”

आमच्या कानांत आजोबांचे शब्द वाजले: गावाचे पीक दहा आणेच होते, आमचे नव्हते.

प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एकशे सात मर्मे सांगितली आहेत. ती केवळ अवयवांवरून नव्हे, तर परिणामावरूनही पाच वर्गांत विभागली आहेत. तत्काळ प्राण घेणारी एकोणीस, काही काळाने प्राण घेणारी तेहतीस, शल्य उपटताच प्राण घेणारी तीन, व्यंग आणणारी चव्वेचाळीस आणि केवळ वेदना देणारी आठ. यांत सर्वांत मोठा वर्ग ‘वैकल्यकर’ मर्मांचा, म्हणजे जेथे घाव बसला असता माणूस जगतो, पण पूर्वीसारखा राहत नाही. सुश्रुताने मरणाच्या आकड्यात व्यंगाची बेरीज केली नाही. त्याला स्वतंत्र रकाना दिला.

आमचा समज असा झाला होता की या प्रकरणाची कथा येथे संपली. पण भाचीने मास्तरांचा आणखी एक कागद मागितला. घाटाखालच्या ज्या रुग्णालयात दोघांना प्रथम नेले, तेथून सुट्टी देताना मिळालेला तो कागद होता. पुतण्याच्या कागदावर निदाने एकाखाली एक लिहिलेली होती. मास्तरांच्या कागदावर एकच ओळ होती, ‘अनेक दुखापती’, आणि पुढे ‘टी ०७’ हा संकेतांक. हाताचा उल्लेखच नव्हता.

“हे पाहा,” ती म्हणाली, “मी जे काम करते आहे त्यात शस्त्रक्रियेचे कागद नसतात, फक्त असे संकेतांक असतात. ‘टी ०७’ म्हणजे नेमक्या न सांगितलेल्या अनेक दुखापती. त्यावरून काहीच आकडा निघत नाही. आमच्या मोजपट्टीत अशा जखमेपुढे ९ लिहितात. ९ म्हणजे नऊपट गंभीर नव्हे, तर ‘माहीत नाही’. ९ आला की बेरीज होत नाही, आणि तो रुग्ण अभ्यासातून गळतो.”

म्हणजे मास्तर ५ सुद्धा नव्हते. ते मोजणीतच नव्हते.

मग संकेतांकांवरून आकडा काढण्याच्या दोन वाटा तिने उलगडून दाखवल्या, आणि दोन्ही वाटा अखेर त्याच कागदाशी येऊन थांबतात, हे आमच्या ध्यानी आले. पहिली वाट भाषांतराची. एकेका संकेतांकाला मोजपट्टीवरील कोणता अंक जुळतो याचा कोश करावा. एलन मॅकेन्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली अशा कोशाची पारख प्रसिद्ध केली. आता असे काम संगणक क्षणार्धात करतो. दुसरी वाट अनुभवाची. टर्नर ऑस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ती मांडली. तज्ज्ञांनी अंक देण्याऐवजी हजारो रुग्णांच्या नोंदींनाच विचारावे: हा संकेतांक ज्यांच्या कागदावर होता, त्यांपैकी किती जण जिवंत घरी गेले? समजा, एका दुखापतीचे दहांपैकी नऊ वाचले आणि दुसरीचे दहांपैकी आठ, तर ज्याला दोन्ही आहेत त्याचे प्रमाण नऊ-दशांश गुणिले आठ-दशांश, म्हणजे शंभरांत बहात्तर.

हा विचार आम्हांला मोठा चतुर वाटला. पण त्याचेही फसणे ऐकण्यासारखे आहे. मोडलेल्या करंगळीने कोणी मरत नाही. परंतु कवटी फुटलेल्या माणसाची करंगळीही कधी कधी मोडलेली असते. तो मेला की त्याच्या करंगळीच्या संकेतांकाच्या खात्यावरही एक मृत्यू चढतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, अशातला हा प्रकार. म्हणून पुढे काहींनी ज्यांना एकच दुखापत झाली आहे अशांवरूनच प्रमाण काढण्याची रीत सुचवली. शिवाय जे रस्त्यावरच गतप्राण झाले, ते रुग्णालयाच्या वहीत येतच नाहीत. त्यामुळे त्या वहीवरून पाहता काही घाव आहेत त्याहून सौम्य भासतात.

सर्वांत विलक्षण गोष्ट निराळीच आहे. जो रुग्ण दाखल होताच अर्ध्या तासात मरतो, त्याच्या चाचण्या होत नाहीत, चित्रे निघत नाहीत, निदाने एखाद-दुसरीच लिहिली जातात. शवविच्छेदनाचा निष्कर्ष त्या कागदाशी जोडला गेला नाही, तर त्याचा आकडा लहान निघतो. आणि संशोधकाला दिसते की हा माणूस क्षुल्लक दुखापतीने मेला. जो महिनाभर जगतो, त्याची मात्र प्रत्येक भेग लिहिली जाते. कोर्टात आम्ही हे रोज पाहतो. ज्याच्यापाशी कागद अधिक, त्याचे दुःख मोठे ठरते.

मास्तरांच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलांनी तोच एका ओळीचा कागद पुढे केला होता. हाताला या अपघातातच इजा झाली हे कशावरून, असा त्यांचा सवाल होता. वकील म्हणून त्यांना आम्ही दोष देत नाही. आम्हीही तेच विचारले असते. सात महिन्यांच्या आळसाचे प्रायश्चित्त म्हणून आम्ही त्या फायलीमागे लागलो. बेळगावातील शल्यचिकित्सकांची साक्ष घेतली. त्यांच्या नोंदीत जखमेचे वर्णन इंचाइंचाने होते. मग दुसरा प्रश्न उभा राहिला. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ सालच्या कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची शक्ती २० टक्के घटली असे धरले होते. मोटार अपघाताच्या दाव्यात ते परिशिष्ट जसेच्या तसे बांधील नव्हे, तरी तेवढाच आकडा धरावा, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. सुदैवाने सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हा भ्रम दूर केला आहे. अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाई बुडाल्याची टक्केवारी नव्हे. तो माणूस काय काम करीत होता ते आधी पाहा, असे न्यायालयाने सांगितले आणि उदाहरणही दिले. डावा हात गेलेला गाडीचालक किंवा सुतार आणि तसाच हात गेलेला सरकारी कारकून, यांचे नुकसान एक नव्हे.

पण मास्तरांची कमाई सिद्ध कशी करावी? पखवाजाच्या बिदागीची पावती कोण देतो? येथे आमच्या देवस्थानची कीर्द धावून आली. बावीस वर्षांच्या त्या वह्यांत दर सप्ताहाला, दर जत्रेला, दर कोजागरीला एक ओळ होती: ‘पखवाज बिदागी’, पुढे मास्तरांचे नाव, पुढे रक्कम. लिहिणारे हात बदलले होते, शाई बदलली होती, ओळ चुकली नव्हती. महाजनांनी त्या वह्या आपल्या हाताने न्यायाधिकरणापुढे आणून दिल्या. देवस्थानचा वृद्ध कारकून साक्षीला उभा राहिला तेव्हा त्याला विचारले गेले, “एवढ्या लहानसहान रकमा तुम्ही का लिहून ठेवल्या?” तो म्हणाला, “देवाचा पैसा आहे. लिहिल्यावाचून कसा द्यायचा?”

न्यायाधिकरणाने मास्तरांचा तोटा विसाहून पुष्कळ अधिक धरला. रक्कम मिळाली. बोटे मिळाली नाहीत, आणि ती कोणत्याही कोर्टाच्या हाती नव्हती.

या प्रकरणावरून आकड्यांची हेटाळणी करावी, असे आम्हांला वाटत नाही. आणेवारी नसती तर दुष्काळी गावाला सूट मिळाली नसती; हे आकडे नसतील तर कोणत्या रुग्णालयात माणसे वाचण्याजोगी असून मरतात ते कधीच कळणार नाही. आमची भाची करते आहे ते काम पुण्याचे आहे. मात्र गावाचा आकडा घेऊन एका माणसाच्या दारात जाऊ नये. आणि गावाचा आकडा तरी खरा निघावयाचा, तर रात्रपाळीच्या शेवटी डोळे मिटत असताना जो कोणी सुट्टीचा कागद भरतो, त्याने ‘अनेक दुखापती’ एवढ्यावर हात झटकू नयेत. विद्वानांचे सगळे वर्ग आणि गुणाकार त्याच्या लेखणीवर उभे आहेत.

वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे. आपले कोणी अपघातातून बरे होऊन घरी निघाले, म्हणजे घाईने गाडी बोलावण्यापूर्वी तो कागद एकदा वाचावा. जे लागले ते सारे त्यावर आहे का, ते पाहावे. नसेल तर अदबीने लिहून मागावे. यात अविश्वास नाही. आपल्या देवळांतून कीर्द लिहिण्याची जी शिस्त आहे, तीच ही.

भाचीने आपल्या प्रबंधात, नेमके निदान न लिहिल्यामुळे गळालेल्या रुग्णांची संख्या स्वतंत्र तक्त्यात देण्याचे ठरवले आहे. ते मूळ आराखड्यात नव्हते. परत जाताना तिने मास्तरांच्या घरी जाऊन त्यांना नमस्कार केला. ओसरीवर आठ-दहा मुले पखवाज घेऊन बसली होती. मास्तर तोंडाने बोल सांगत होते आणि डाव्या हाताने गुडघ्यावर ताल धरीत होते. एका मुलाचे बोट शाईवर चुकीच्या जागी पडले, मास्तरांनी न पाहताच त्याला थांबवले आणि म्हणाले, “परत.”

पुतण्या आतून चहा घेऊन आला. पंचवीस आणि एक, आणि चार आणि एक, एकाच ओसरीवर बसले होते.